वाचकांचे प्रश्न : जपानचा पावसाळा आणि बंद घरातली ओल

प्रश्न : आमचे चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त जपानमधील नागोया शहरात राहतात. जूनच्या अखेरीस सूनबाईंचे बाळंतपण अपेक्षित असून त्यासाठी आम्ही उभयता जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडे जाणार आहोत आणि ऑगस्टअखेरपर्यंत राहणार आहोत. मुलगा फोनवर वारंवार सांगतो की त्या दिवसांत तेथे कपडे वाळत नाहीत, कपाटातील वस्तूंना बुरशी येते आणि घरात कुबट वास सुटतो. पाऊस आम्हाला नवीन नाही, सारे आयुष्य इंदुरात गेले आहे. तरीही बाळाची दुपटी-लंगोट वाळवणे, बाळंतिणीची खोली कोरडी ठेवणे आणि येथून नेलेले लाडू, भाजणी, मेतकूट टिकवणे यांबाबत मार्गदर्शन करावे. — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. जपानी लोक या ऋतूला ‘त्सुयु’ म्हणतात. नागोया ज्या तोकाइ विभागात येते तेथे सरासरीने ६ जूनच्या आसपास तो सुरू होतो आणि १९ जुलैच्या आसपास सरतो, म्हणजे आपले विमान उतरेल तेव्हा तो नुकताच सुरू झालेला असेल. उत्तरेकडील थंड, दमट हवा आणि प्रशांत महासागरावरची उष्ण, दमट हवा यांची गाठ जपानच्या डोक्यावर पडते आणि दोहोंपैकी कोणीच मागे हटत नसल्याने ढगांचा पट्टा आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. आपल्या माळव्यात पाऊस गाजावाजा करत येतो, चार तास झोडपतो आणि मग उघडीप देतो. त्या उघडिपीत आपण छतावर जाऊन दोरीभर कपडे वाळवून घेतो. तेथे बहुधा मुकाट रिपरिप असते आणि ती थांबली तरी ऊन पडेलच असे नाही. शिवाय जूनमध्ये नागोयाचे सरासरी तापमान बावीस-तेवीस अंशांच्या घरात असल्यामुळे उकाडा जाणवत नाही, आणि उकाडा नाही म्हणून दमटपणाकडेही लक्ष जात नाही. बुरशीला मात्र वीस ते तीस अंश उष्णता आणि साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक आर्द्रता एवढेच हवे असते.

घरांचा फरक त्याहून मोठा आहे. इंदूरच्या घरांत समोरासमोर खिडक्या असतात, छताला पंखा असतो, दारे दिवसभर सताड उघडी असतात. तिकडचा फ्लॅट घट्ट बंद होणारा, छताला पंखा नसलेला आणि एका बाजूची गॅलरी सोडली तर वारा खेळायला फारसा वाव नसलेला असतो. त्यामुळे आपला पहिला सहजभाव, म्हणजे ‘खिडक्या उघडा, हवा येऊ द्या’, हा तेथे पावसाच्या दिवशी बऱ्याचदा उलटा पडतो, कारण बाहेरून येणारी हवा घरातल्या हवेहून अधिक ओली असते. हे समजण्यासाठी आपला कूलर आठवावा. मे महिन्यात तो खोली गारेगार करतो, आणि पहिल्या पावसानंतर तोच कूलर चालवला की अंग चिकट होते आणि चादरी दमट लागतात, कारण आधीच पाण्याने भरलेल्या हवेत तो आणखी पाणी सोडतो. जूनच्या जपानी फ्लॅटमध्ये बंद खोलीत ओले कपडे टांगणे म्हणजे जुलैत कूलर लावून बसणे होय.

यामागचा हिशेब एकदा मनात बसला की पुढचे सारे सोपे जाते. पंचवीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. सहा तातामिंची (जपानी चटयांची), म्हणजे सुमारे दहा चौरस मीटरची खोली धरली, तर तिच्यातील सर्व हवा वाफेने काठोकाठ भरली तरी ते पाणी अर्ध्या लिटरहून थोडेसेच अधिक होते. याउलट पाच किलो कपडे मशीनमध्ये पिळून निघाले तरी त्यांच्यात दोन लिटरांहून अधिक पाणी शिल्लक असते. हे दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत मावणारच नाही. ते भिंतीत, गादीत, पडद्यात आणि कपाटातल्या साड्यांत जाऊन बसेल. म्हणून तेथील मुख्य काम कपडे वाळवणे हे नसून पाणी घराबाहेर काढणे हे आहे. घरात गेल्यावर पहिल्याच दिवशी आर्द्रता दाखवणारे एक लहानसे मीटर विकत घ्यावे. ते स्वस्त असते आणि कोणत्याही घरगुती वस्तूंच्या दुकानात मिळते. आकडा साठच्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट धरावे. पन्नास-पंचावन्न असेल तर उत्तम.

पाणी बाहेर काढण्याचे मार्ग तीन. बऱ्याच नव्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरातच गरम वारा सोडणारी वाळवणयंत्रणा बसवलेली असते आणि वर कपडे टांगायला दांडीही असते. ती असल्यास बाळाचे कपडे तेथेच वाळवावेत, कारण तेथील पंखा ओली हवा थेट बाहेर फेकतो. नसल्यास ‘जोशित्सुकी’, म्हणजे हवेतील पाणी शोषून टाकीत साठवणारे यंत्र घ्यावे. याचे दोन प्रकार मिळतात; उन्हाळी दिवसांसाठी कॉम्प्रेसरचा बरा, कारण दुसऱ्या प्रकारात तापवणारी तार असल्यामुळे खोली जास्त गरम होते. दोन्ही यंत्रे थोडीफार उष्णता सोडतातच. म्हणून कपडे व यंत्र एका खोलीत दार लावून ठेवावे आणि बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी टाकीत जमलेले पाणी ओतून देताना हे सगळे एरवी कोठे गेले असते याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. तिसरा मार्ग म्हणजे गल्लोगल्ली असणारी नाणी टाकून चालणारी धुलाई केंद्रे. तेथील गॅसवर चालणारी मोठी वाळवणयंत्रे तासाभरात ढीगभर कपडे खडखडीत करून देतात आणि त्यांची उष्णता इतकी असते की कुबट वासाचे मूळही जाते. हा वास बहुधा मोराक्सेला नावाच्या जिवाणूमुळे येतो; तो साध्या धुण्याने पुरता जात नाही, पण साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेपुढे टिकत नाही. आठवड्यातून एक-दोनदा दुपटी, टॉवेल आणि चादरी तेथे नेण्याचा खर्च सूनबाईंनी वायफळ समजू नये, असे माझे मत आहे.

कपडे टांगताना दोन कपड्यांत पंजाएवढे अंतर असावे. लांब कपडे दांडीच्या दोन्ही कडांना आणि आखूड कपडे मध्ये घातले की खालून वारा चांगला फिरतो. टेबलफॅन कपड्यांच्या खालच्या बाजूने लावावा. खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर कपडे टांगण्याचा मोह तेथे सर्वांना होतो, पण तसे केल्यास आठवडाभरात पडद्याला काळे ठिपके पडतात. मशीनचे झाकण धुणे झाल्यावर उघडे ठेवावे.

आपल्याकडे पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून झबली-टोपरी धुरीवर शेकण्याची रीत आहे आणि आपल्या मनात ती असणारच. तेथे ती करू नये. जपानमध्ये नव्या घरांत २००६ पासून आणि पुढे २०११ पर्यंत जुन्या घरांतही धुराची सूचना देणारी यंत्रे बसवणे कायद्याने सक्तीचे झाले. निजायच्या खोलीच्या छतावरील ती पांढरी वाटी वेखंड-ओव्याचा धूर आणि आगीचा धूर यांत भेद करत नाही. बंद घरात कोळसा पेटवणे तर वेगळ्याच कारणासाठी, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडमुळे, जिवावर बेतू शकते.

आता एअर कंडिशनर. रिमोटवर ‘रेइबो’ म्हणजे थंड करणे आणि ‘जोशित्सु’ किंवा ‘दोराइ’ म्हणजे ओल काढणे, एवढे दोन शब्द चिरंजीवांकडून ओळखून घ्यावेत. बऱ्याच यंत्रांत ‘जोशित्सु’ म्हणजे मंद गतीचे थंड करणेच असते, त्यामुळे रिपरिप पावसाच्या गार दिवशी त्याने बाळंतिणीच्या खोलीत हुडहुडी भरू शकते. त्या दिवशी वर सांगितलेले वेगळे यंत्र कामी येते. जुलैच्या मध्यानंतर तापमान पस्तिशी गाठू लागले की सरळ ‘रेइबो’ लावावा. तो हवेतून अधिक पाणी ओढतो. यंत्र बंद केल्यावरही कित्येक मॉडेले तासभर आतून वारा फिरवत राहतात. त्यांच्या आतील ओली जाळी वाळावी आणि तेथे बुरशी धरू नये यासाठी ती सोय असते. वीज फुकट जाते असे समजून ती मध्येच बंद करू नये. हीच गोष्ट चोवीस तास चालणाऱ्या वायुवीजनाची. जपानच्या इमारत कायद्यातील दुरुस्तीनुसार जुलै २००३ पासून बांधलेल्या घरांत सतत चालणारा एक लहान पंखा सक्तीचा आहे. तो न्हाणीघराच्या छतात दडलेला असतो आणि त्याचे बटण बाहेरच्या पॅसेजमध्ये असते. खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जाणे हा आपल्या पिढीचा सद्‌गुण आहे, पण हे एक बटण त्याला अपवाद करावे. (सासूबाई पंखा बंद करतात, ही परदेशस्थ सुनांची तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की ती आधीच सांगून ठेवणे इष्ट.)

अंथरुणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुधा येथेच होते. चिरंजीव जमिनीवर ‘फुतोन’ घालून झोपत असतील तर रात्रभराचा घाम गादीतून खाली उतरतो आणि गादी व जमीन यांच्यामध्ये अडकतो. वरून गादी स्वच्छ दिसते, उचलून पाहिली तर पाठ काळपट झालेली असते. रोज सकाळी गादी उचलून खुर्चीच्या पाठीवर तासभर उभी टाकावी आणि खाली ‘सुनोको’ नावाची लाकडी पट्ट्यांची चौकट घालावी. भिंतीतल्या खोल कपाटाला, म्हणजे ‘ओशिइरे’ला, दोन्ही बाजूंनी थोडी फट ठेवावी आणि सामान मागच्या भिंतीला टेकवू नये. कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात, त्यांतील कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. डबी भरली की वेळेवर बदलावी आणि कलंडू देऊ नये; ते पाणी सांडले तर वाळत नाही आणि चामड्याची व रेशमाची नासाडी करते.

साड्यांबरोबर डांबराच्या (म्हणजे नॅप्थलीनच्या) गोळ्या नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, आणि याला दोन कारणे आहेत. सूनबाईंच्या कपाटात आधीच दुसऱ्या जातीच्या जपानी गोळ्या असू शकतात. नॅप्थलीन, पॅराडायक्लोरोबेन्झीन आणि कापूर यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की एरवी घट्ट राहणाऱ्या गोळ्या वितळतात आणि त्यांचे डाग रेशमावर उमटतात. बारशासाठी नेलेल्या महेश्वरीवर तसा डाग पडला तर तो निघत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बाळासाठी आपण जुन्या मऊ लुगड्याची दुपटी आणि गोधडी ट्रंकेतून काढून नेणार असाल, आणि त्या ट्रंकेत वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्या असतील. जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळांत अशा पांघरुणांतील नॅप्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, ही वैद्यकातील प्रस्थापित गोष्ट आहे. आणि आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे जन्माआधी कळत नाही. म्हणून हे सर्व कपडे मे महिन्यातच दोन-तीनदा धुऊन, छतावर कडक उन्हात दिवसचे दिवस पसरून, वास पूर्ण गेल्यावरच बॅगेत भरावेत. इंदूरच्या मे महिन्याच्या उन्हाइतके चांगले वाळवणयंत्र आपल्याला तिकडे मिळणार नाही.

खाण्याच्या जिनसांपैकी पापड, चिवडा सादळणे ही केवळ रुचीची हानी आहे. ती सोसता येते. पिठांचे तसे नाही. थालीपिठाची भाजणी, बेसन, मेतकूट यांचे पाकीट उघडून ओट्यावर ठेवले तर दमट दिवसांत त्यात डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात आणि त्यांची ॲलर्जी असणाऱ्याला अशा पिठाचा पदार्थ खाऊन जीवघेणा त्रास झाल्याची उदाहरणे जपानमध्ये नोंदलेली आहेत. पदार्थ भाजल्याने हा धोका जात नाही. उपाय सोपा आहे : उघडलेले प्रत्येक पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे, लहान लहान पुड्या बांधून न्याव्यात आणि एका वेळी एकच उघडावी. डिंकाचे लाडूही फ्रिजमध्येच. ते पुन्हा करता यावेत म्हणून येथून मिक्सर नेऊ नये. तेथे वीज १०० व्होल्टची असते आणि आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता कण्हत राहतो.

न्हाणीघरात बुरशी दिसलीच तर तेथील फवाऱ्याची औषधे प्रभावी असतात, पण ती क्लोरीनयुक्त असतात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘माझेरुना किकेन’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘मिसळू नका, धोका आहे’. संडास धुण्याचे ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबाचे सत्त्व त्याच्याशी मिसळले की विषारी वायू निघतो. हे काम चिरंजीवांनी हातमोजे घालून, पंखा चालू ठेवून करावे. गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीने करू नये. मुळात वेळ येऊ नये यासाठी शेवटची आंघोळ झाल्यावर भिंतींवरून थंड पाणी फिरवून, रबरी पट्टीने ते निथळून, दार लावून पंखा चालू ठेवला की पुरते.

प्रत्यक्ष पावसाबद्दल एकच सूचना, परंतु ती हलकी समजू नये. त्सुयु सरता सरता कधी कधी भयंकर पाऊस कोसळतो. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानमध्ये पूर आणि दरडींमुळे दोनशेहून अधिक माणसे दगावली; जुलै २०२० मध्ये कुमामोतो प्रांतात कुमा नदीने गावे बुडवली. तेथे धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. चौथ्या पायरीला धोक्याच्या भागातील सर्वांनी निघायचे असते, आणि तिसऱ्या पायरीला वृद्धांनी व ज्यांना निघायला वेळ लागतो अशांनी. पाचव्या पायरीची वाट पाहायची नसते, कारण तेव्हा आपत्ती बहुधा ओढवलेली असते. घरात तान्हे बाळ आणि आपण दोघे असताना आपली पायरी तिसरी. घर पुराच्या पट्ट्यात येते का, हे प्रभाग कार्यालयात मिळणाऱ्या नकाशावरून चिरंजीवांनी आत्ताच पाहून ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा ओसाका येथे शिकत असून तळमजल्यावरील एका खोलीत राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याचे चामड्याचे बूट आणि पट्टा हिरवे झाले, भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली आणि येथून नेलेला तबला इतका उतरला की स्वर लागेना. भिंतीचे पैसे त्याला भरावे लागतील का? — एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : तळमजल्याची खोली जपानमध्ये स्वस्त असते ती याच कारणाने. भिंतीविषयी आधी सांगतो. भाड्याचे घर सोडताना कोणती दुरुस्ती कोणी करायची याविषयी तेथील सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. भिंतीवर दव साचून बुरशी येत असल्याचे घरमालकाला न कळवता आणि न पुसता तसेच राहू दिले, तर पसरलेल्या डागाची भरपाई भाडेकरूकडून मागितली जाऊ शकते. तेव्हा त्याने आजच तारखेसह छायाचित्रे काढून एजंटकडे लेखी कळवावे. दोष इमारतीचा असेल तर तो सांगण्याची हीच वेळ आहे. घर सोडायच्या दिवशी सांगून उपयोग होत नाही.

बूट ओले असताना कपाटात ठेवू नयेत, वर्तमानपत्राचे बोळे भरून आधी उघड्यावर वाळवावेत. आणि एकच जोड रोज न घालता दोन आलटून पालटून वापरावेत. तबल्याची पुडी दमट हवेत पाणी ओढून सैल पडते, म्हणून स्वर उतरतो. हातोडीने ठोकून तो चढवण्याचा प्रयत्न जूनमध्ये फार करू नये, कारण हवा कोरडी होताच कातडे आक्रसते आणि जास्त ताणलेली पुडी फाटण्याची भीती असते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह तबला ठेवावा आणि पेटीत आर्द्रतेचे लहान मीटर टाकावे. आकडा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान राहिला की पुरे. हेअर ड्रायरचा गरम झोत शाईवर मारू नये, ती तडकते.

प्रश्न : आम्हाला केवळ पर्यटनासाठी जपानला जायचे आहे. हा दमट काळ टाळण्यासाठी सप्टेंबर कसा? — एक वाचक, इंदूर

उत्तर : सप्टेंबर सुचवणार नाही. त्सुयु संपला तरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वादळे आणि शरदातला पाऊस येतो. तोक्योत तर हे दोन महिने सरासरीने जूनपेक्षाही अधिक पावसाचे असतात. नोव्हेंबर कोरडा, थंड आणि रंगीत पानांचा असतो. मुलांच्या सुट्ट्यांमुळे जूनच निवडणे भाग असेल तर उत्तरेकडील होक्काइदो बेटावर जावे. हवामान खाते तेथे त्सुयु जाहीरच करत नाही.